पैसे शेवटी: लहान दुकानदारानं गावासाठी काय करावं

प्रश्न असा आहे: "तालुक्याच्या गावात माझी लहान बेकरी आहे. चार कारागीर, एक टेम्पो. सगळं जाऊन महिन्याला चाळीसेक हजार उरतात. गणपती, नवरात्र, जयंत्या, जत्रा, क्रिकेटचे सामने धरून वर्षाला वीस-पंचवीस वर्गण्या जातात, तरी गावासाठी काही केलं असं वाटत नाही. खरंच उपयोग होईल असं काय करता येईल? आणि करात सवलत मिळते का?"

माझं सांगली जिल्ह्यात हार्डवेअरचं दुकान आहे, अठ्ठावीस वर्षं झाली. त्यातली सोळा वर्षं मी एका नोंदणीकृत ट्रस्टचा खजिनदारही होतो. म्हणजे पावतीपुस्तकाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय. वर्गणी मागायला येणाऱ्यांना चहा पाजून कटवलंय आणि स्वतः पावतीपुस्तक घेऊन दुसऱ्यांच्या दुकानांसमोर ताटकळत उभाही राहिलोय. त्या अनुभवावर सांगतो.

आमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेला मी आधी पाणी शुद्ध करायचं मशीन दिलं होतं. चांगलं मोठं, नारळ फोडून, फोटो काढून. दीड वर्षात ते बंद पडलं. फिल्टर बदलायला पैसे कुणी ठेवलेच नव्हते, मीसुद्धा नाही. मशीनवर माझ्या दुकानाचं नाव आणि खाली कोरडी तोटी, असं ते तीन वर्षं भिंतीवर लटकत होतं. एकदा दुसऱ्याच कामाला शाळेत गेलो असताना बाई सहज म्हणाल्या, "दादा, मशीनचं राहू द्या, मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नाही, तेवढं बघता का?" एक मुलगी आत गेली की दुसरी बाहेर दार धरून उभी राहायची. सोबत कुणी नसेल तर मुली दिवसभर पाणीच पीत नसत. मी दुकानातून दोन कड्या, चार बिजागऱ्या आणि मूठभर स्क्रू घेऊन पोराला पाठवलं. अर्ध्या तासाचं काम होतं. मशीनला गेलेल्या पैशांत अशा शेकडो कड्या आल्या असत्या.

त्या दिवसापासून माझा हिशेब बदलला. दुकानदारानं आधी स्वतःच्या धंद्यातलं द्यावं. जी वस्तू आपल्याला खरेदीभावात पडते, जे काम आपल्या हाताला येतं, ते. आषाढीच्या वारीत बघा ना. नाभिक मंडळी वारकऱ्यांच्या दाढ्या करतात, चर्मकार तुटलेल्या चपला शिवून देतात, डॉक्टर पायाचे फोड बघतात. तिथं कुणी कुणाला सांगत नाही की तू काय दे म्हणून. ज्याच्या पेटीत जे हत्यार असतं ते तो काढतो. आमच्या दुकानाकडे आता दोन शाळांच्या तोट्या, वायसर आणि कड्या-कोयंडे कायमचे आहेत. शाळेनं फोन करायचा, आम्ही माणूस पाठवायचा. उद्घाटन वगैरे काही नाही.

तुमच्या पेटीत काय आहे? भट्टी. तुम्ही पाव मोजत असाल, मला भट्टी दिसते. पहाटे पाव निघाला की दुपारनंतर ती निवत बसते, पण दोन-तीन तास बिस्किटं भाजण्याइतका ताव तिच्यात असतोच. दिवाळीच्या आधी लोक घरून तूप, रवा, साखर आणून बेकरीतून नानकटाई करून नेतात, तुमच्याकडेही येत असतील. तेच वर्षभर करा, पण गावातल्या एखाद्या बचत गटासाठी. आठवड्यातले दोन दिवस ठरवून द्या. नाचणीची, ज्वारीची बिस्किटं त्या करतील, भाजणावळ तुम्ही घेऊ नका किंवा जळणापुरती घ्या. पहिले दोन महिने कारागिरानं त्यांना मळणं आणि ताव ओळखणं शिकवावं. त्यांची अन्न नोंदणी (खायचा माल विकायला लागते ती सरकारी नोंदणी) त्यांच्या नावानं करून घ्या, पाकिटावर तारीख आणि त्यांचंच नाव येऊ द्या. तुमच्या काउंटरवर एक बरणी त्यांची ठेवा. आणि विकलेल्या मालाचे पैसे आठवड्याच्या आठवड्याला द्या. हे मी मुद्दाम सांगतोय. बचत गटाचा माल "आपलेपणानं" ठेवून घेऊन पैसे तीन-तीन महिने लटकवणारी दुकानं मी पाहिली आहेत. असली मदत त्या बायांनाच महागात पडते. त्यांचं भांडवल ते किती असणार!

आता उरलेला पाव. उरलेल्याचे टोस्ट करता हे मला ठाऊक आहे, करा, धंदा आहे. पण द्यायचं असेल तर त्याच दिवशीचं, रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या एकाच ठिकाणी द्या. पावसाळ्यात पाव दुसऱ्या दिवशीच दगा देतो, आणि गरिबाला बुरशी चालते असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही. उरलेलं अन्न वाटण्यासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१९ साली वेगळे नियमही केले आहेत. त्यांचा गाभा साधा आहे: जे तुम्ही गिऱ्हाइकाला विकू शकत नाही, ते फुकटही द्यायचं नाही. मी तर म्हणेन, उरलेल्याच्या भरवशावर कुणाला ठेवूच नका. ज्या दिवशी पाव संपेल त्या दिवशी घेणाऱ्यांनी काय खायचं? रोज चार लाद्या वेगळ्या काढून ठेवा आणि त्या खर्चात धरा.

बेकरीवाल्यांना आणखी एक मोह असतो, वाढदिवसाचे केक. वृद्धाश्रमात केक, बालगृहात केक. ज्या वृद्धाश्रमाच्या हिशेबाला मी मदत करायचो, तिथं दर रविवारी कुणी ना कुणी गोड घेऊन यायचं, आणि निम्म्या आजी-आजोबांना साखरेचा आजार. व्यवस्थापक हसतमुखानं घ्यायचे, कारण नाही म्हटलं की माणूस दुखावतो आणि पुन्हा येत नाही. त्यांना खरी चणचण असायची ती मोठ्यांच्या डायपरची, विजेच्या बिलाची आणि रात्रपाळीच्या मावशींच्या पगाराची. या तिन्ही गोष्टींचे फोटो चांगले येत नाहीत, म्हणून त्या कुणी देत नाही. तुम्ही नेहमीचा मऊ पाव नेऊन द्या, दुधात बुडवून खाता येतो. आणि जाण्याआधी फोन करून विचारा.

बालगृहातल्या मुलांचे फोटो तर अजिबात टाकू नका. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलांची ओळख उघड करणं गुन्हा आहे. व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर केक कापतानाचे चेहरे सर्रास दिसतात, टाकणाऱ्याला पत्ताही नसतो. कायदा बाजूला ठेवला तरी, आपल्या पोराचा असा फोटो कुणी लावला तर आपल्याला चालेल का, एवढं विचारावं.

बाहेर बघण्याआधी भट्टीपाशी उभ्या असलेल्या चार माणसांकडे बघा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत आहे, अपघाती मृत्यूला २ लाखांचा. जीवन ज्योती विमा ४३६ रुपयांत, त्यातही २ लाख, पण तो पन्नाशीच्या आत घ्यावा लागतो. दोन्ही मिळून माणशी ४५६, चौघांचे १,८२४ रुपये. खातं असलेल्या बँकेतूनच कापून जातात. कारागीर परप्रांतातले असतील तर त्यांचं रेशनकार्ड इथंही चालतं, हे बहुतेकांना माहीत नसतं. त्यांची पोरं इथं असतील तर शाळेत नाव घालायला स्वतः जा, मालक सोबत असला की काम लवकर होतं. गावभर दानशूर आणि कारागिराची उचल वर्षानुवर्षं फिटत नाही, अशी माणसं मला भेटली आहेत. त्यांच्याबद्दल कारागीर काय बोलतात तेही मी ऐकलंय.

वर्गणीचं स्पष्ट बोलतो. गल्लीतल्या मंडळाची वर्गणी हा दानधर्म समजू नका. तो गल्लीत राहण्याचा खर्च आहे, दुकानभाड्यासारखा. तो द्यावाच लागतो, पण त्याला हद्द घाला. मी वर्षाच्या सुरुवातीला सगळ्या मंडळांसाठी एकच आकडा ठरवतो, मोठं असो की लहान, आपल्या जातीचं असो की दुसऱ्या. एकदा का एकाला पाचशे आणि दुसऱ्याला अकराशे दिले की मेलात, संध्याकाळपर्यंत गावभर होतं. पावती घेतोच. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१ क प्रमाणे वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. तिचा क्रमांक पावतीवर आहे का, हे मी नुसतं मोठ्यानं वाचतो. कुणाशी वाद घालत नाही. पुढच्या वर्षी ती पोरं परवानगी काढूनच येतात. आणि धमकावून कुणी मागत असेल तर ती वर्गणी नव्हे, खंडणी आहे. त्याला व्यापारी संघटनेनं एकत्र तोंड द्यायचं असतं, एकट्या दुकानदारानं नाही.

खरं देणं याच्यापासून वेगळं ठेवा, खातंसुद्धा वेगळं. किती? मोठ्या कंपन्यांना कायद्यानं तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावे लागतात, पण ते ५०० कोटी नक्त मालमत्ता, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी नफा यांपैकी एक असेल तर. आपल्याला ते काही लागू नाही. तरी आकडा म्हणून धरायला २ टक्के बरे आहेत. तुमचे महिन्याला ८०० होतात, वर्षाला ९,६००. ऐकायला किरकोळ, पण तळेगावचा काच कारखाना लोकांकडून एकेक पैसा गोळा करून, पैसा फंडातून उभा राहिला होता, १९०८ साली. लहान आकड्यात काही वाईट नसतं, तो दर महिन्याला निघाला पाहिजे एवढंच. मंदीच्या महिन्यात निघत नसेल तर आकडा कमी करा, महिना चुकवू नका. घेणारी संस्था तुमच्या ८०० रुपयांवर गॅसच्या टाकीचा हिशेब मांडून बसलेली असते. दिवाळीत एकदम आलेल्या पाच हजारांपेक्षा असे महिन्याचे आठशे खजिनदाराला जास्त प्रिय असतात. खजिनदार म्हणून सांगतोय.

करसवलतीचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. महिन्याला चाळीस म्हणजे वर्षाला ४ लाख ८० हजार. दुसरं उत्पन्न नसेल तर जुन्या करपद्धतीत ५ लाखांच्या आत तुम्हाला करच नाही, नव्या पद्धतीत तर १२ लाखांपर्यंत नाही. जो कर भरायचाच नाही त्यात सवलत कुठली घेणार? पुढे धंदा वाढला तर लक्षात ठेवायच्या गोष्टी अशा. ज्याला सगळे ८०जी म्हणतात ती देणगीवरची वजावट नव्या करपद्धतीत मिळतच नाही. जुन्या पद्धतीत बहुतेक संस्थांच्या बाबतीत दिलेल्या रकमेच्या निम्मीच वजावट मिळते आणि तिलाही उत्पन्नाच्या १० टक्क्यांची मर्यादा असते. २,००० रुपयांच्या वर रोख दिले तर काहीच नाही, म्हणून चेक किंवा यूपीआय. वस्तू दिल्या, पाव दिला, कड्या दिल्या, त्याची वजावट नाही. आणि नुसती पावती पुरत नाही, संस्थेनं आयकर खात्याकडे विवरण भरून काढलेलं देणगीचं प्रमाणपत्र लागतं. ते देता येत नाही म्हणणाऱ्या संस्थेचे कागद एकदा नीट बघा.

जीएसटीत एक खाच आहे, ती बऱ्याच जणांच्या सीएलाही उशिरा आठवते. फुकट दिलेल्या मालावर खरेदीच्या वेळी घेतलेलं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, परत करावं लागतं. कायद्यात भेटवस्तू आणि मोफत नमुन्यांचं कलम आहे, त्यात हे येतं. तुम्ही कंपोझिशनमध्ये, म्हणजे लहान धंद्यांसाठीच्या उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायच्या योजनेत, असाल तर क्रेडिटच नसतं, तेव्हा प्रश्न मिटला. शाळेच्या किंवा मंडळाच्या स्मरणिकेत जाहिरात दिली तर तो धंद्याचा जाहिरातखर्च होतो, दान नव्हे. त्याचं बिल घ्या आणि रोजमेळात तसंच लिहा. दान आणि जाहिरात एकाच ओळीत लिहिलं की हिशेबही बिघडतो आणि मनातही गोंधळ होतो.

काउंटरवर पेटी ठेवावी का, असंही लोक विचारतात. सुटे पैसे लोक टाकतात, मोह होतो. जुन्या बाजारपेठेत व्यापारी प्रत्येक व्यवहारावर 'धर्मादा' म्हणून थोडी रक्कम लावायचे. ती व्यापाऱ्याचं उत्पन्न धरायची की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यात १९७९ साली निकाल लागला की ते उत्पन्न नव्हे, कारण ती रक्कम पहिल्यापासून धर्मादायासाठी बांधलेली असते. मी त्या निकालाचा दुकानदारी अर्थ असा घेतो: पेटीत पडलेला रुपया एक मिनिटसुद्धा आपला नसतो. संध्याकाळी सुटे कमी पडले म्हणून त्यातून घेतले आणि उद्या टाकतो म्हटलं, तिथं घोटाळा सुरू झाला. ठेवायची तर एका नोंदणीकृत संस्थेचीच पेटी ठेवा, किल्ली त्यांच्याकडे, महिन्याला त्यांनी येऊन गिऱ्हाइकांदेखत मोजायची आणि आकडा फळ्यावर लिहायचा. एवढं जमणार नसेल तर पेटी नको.

पेटीपेक्षा तो फळा जास्त कामाचा आहे. सकाळी सहा ते आठ अख्खं गाव पावाला येतं, ग्रामपंचायतीच्या सूचना फलकाशी एवढी गर्दी कधी झाल्याचं मी पाहिलं नाही. तिथं उपयोगाचं काहीतरी लिहा. उदाहरणार्थ, महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. ऑपरेशनला पुण्याला पेशंट घेऊन जाणाऱ्या किती घरांना हे माहीत असतं? तहसीलचा उत्पन्नाचा दाखला सोबत न्यायचा असतो हेही खाली लिहा, नाहीतर माणूस तिथून हात हलवत परत येतो.

रक्तदान शिबिराला बिस्किटं मागायला तुमच्याकडे येत असतीलच. द्या, पण तारीख विचारून द्या. आमची व्यापारी संघटना दर २६ जानेवारीला मोठं शिबिर घ्यायची, दोनशेच्या वर बाटल्या, पेपरात बातमी. एका वर्षी रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाईंनी हात जोडले. म्हणाल्या, रक्त ३५ दिवस टिकतं, प्लेटलेट तर ५ दिवस. त्याच दिवशी जिल्हाभर शिबिरं असतात, मग एकाच दिवशी आलेल्या एवढ्या बाटल्यांचं करू काय? शिवाय एकदा दिलं की पुरुषाला तीन महिने आणि बाईला चार महिने पुन्हा देता येत नाही. मेमध्ये कॉलेजं बंद असतात तेव्हा आणि दिवाळीनंतर रक्तपेढीत खडखडाट असतो. आम्ही शिबिर चार भागांत तोडलं. बातमी येणं बंद झालं. दोन पदाधिकाऱ्यांचा उत्साहही त्याबरोबर गेला, ते असो.

मोठी आपत्ती आली की सगळ्यांचे हात सैल होतात, तेव्हाच सगळ्यात जास्त वाया जातं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कृष्णा ५७ फुटांवर गेली. आमच्या संघटनेनं ट्रक भरला, निम्मा जुन्या कपड्यांनी. पाणी ओसरल्यावर तेच कपडे चिखलात ढीग होऊन पडले होते. कुठल्याही घरात विचारा, हवं होतं फावडं, घमेलं, खराटा, फिनाईल आणि वायरिंग तपासून देणारा माणूस. दुसरा ट्रक आम्ही दुकानातल्या मालाचा पाठवला आणि सोबत तीन वायरमन. पण त्या पुरातलं सगळ्यात मोठं देणं कुठल्या ट्रकमधून गेलं नाही. काही घाऊक व्यापाऱ्यांनी पूरग्रस्त किरकोळ दुकानदारांची मागची उधारी सहा महिने मागितली नाही आणि नवा माल भरून दिला. दुकानं उघडली, पोरांचे पगार सुरू झाले. त्याची पावती कुणी फाडली नाही, फोटोही नाही.

तुम्ही सुरुवात कुठून करायची? नवीन ट्रस्ट काढू नका. दरवर्षीचं ऑडिट, बदल अर्ज, सभांची इतिवृत्तं यांतच बेकरी बुडेल. जी संस्था निवडाल तिथं न कळवता एकदा दुपारी जा, स्वयंपाकघर बघा, ऑडिट मागा. देणाऱ्याला हिशेब दाखवायला कचरणाऱ्या संस्थेला पुन्हा जाऊ नका.

आणि शाळेत जाणार असाल तर खिचडी वाटून झाल्यावर जा. त्याआधी गेलात तर हेडसर तांदळाच्या हिशेबात असतात, "हो हो, काहीही द्या" म्हणतील. नंतर गेलात तर बसून सांगतील. मुख्य म्हणजे, बाईंनाही विचारा.